दोन दूरच्या विमानतळांमधलं अंतर आणि प्रवासाचा वेळ: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

‘इथून तिथं किती लांब आणि किती तास?’ प्रश्न एका ओळीचा, पण त्याच्या पोटात निदान चार प्रश्न दडलेले असतात. अंतर जमिनीवरचं की विमानाने खरंच कापलेलं? तास हवेतले की दारापासून दारापर्यंतचे? बहुतेक गोंधळ इथेच होतो. म्हणून पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न एकत्र केले आहेत. सोपे आधी, अडचणीचे नंतर. एका उत्तरात दुसऱ्याचा संबंध आला की तिथे क्रमांक दिला आहे.

१. दोन विमानतळांमधलं अंतर म्हणजे नेमकं कुठून कुठपर्यंतचं?

प्रत्येक विमानतळाचा एक अधिकृत संदर्भबिंदू ठरलेला असतो. तो साधारणपणे सगळ्या धावपट्ट्यांच्या मधोमध कुठेतरी येतो आणि त्याचे अक्षांश-रेखांश जाहीर असतात. अंतर या दोन बिंदूंमधलं धरतात, टर्मिनलच्या दारापासूनचं नव्हे आणि शहराच्या मध्यापासूनचं तर मुळीच नव्हे.

लांबच्या प्रवासात याने विशेष फरक पडत नाही. सिंगापूरहून न्यूयॉर्कचं जेएफके १५,३४९ किमी आहे आणि त्याच महानगराचा दुसरा मोठा विमानतळ नेवार्क १५,३४४ किमी. दोघांत फरक फक्त पाच किलोमीटरचा. पण उतरल्यावर शहरात जायचं असतं तेव्हा हेच विमानतळ एकमेकांपासून फार लांब वाटू लागतात. टोकियोचं हानेदा शहराला चिकटून आहे, तर नारिता मध्यवस्तीपासून साठेक किलोमीटरवर. म्हणून शहराच्या नावावर जाऊ नका, तिकिटावरचा तीन अक्षरी कोड बघा.

२. नकाशावर पट्टी ठेवून अंतर मोजलं तर चालेल का? आणि स्क्रीनवर विमान वाकड्या वाटेने का जाताना दिसतं?

नाही चालणार. या दोन्ही प्रश्नांचं मूळ एकच आहे. भिंतीवरचा नेहमीचा जगाचा नकाशा मर्केटर पद्धतीचा असतो. मर्केटर या नकाशाकाराने १५६९ साली तो दर्यावर्दी लोकांसाठी काढला. होकायंत्राची दिशा धरून जाणाऱ्याला त्यावर सरळ रेघ मारता येते, आणि त्याची किंमत म्हणून ध्रुवांकडचे प्रदेश भयंकर फुगतात. ग्रीनलंड आफ्रिकेएवढं दिसतं, खरं तर आफ्रिका त्याच्या चौदापट आहे.

पृथ्वीगोल असेल तर एक करून पाहा. दोन शहरांवर दोऱ्याची टोकं धरा आणि दोरा ताणा. तो आपोआप सर्वांत जवळच्या वाटेवर येतो. ही वाट म्हणजे बृहद्वृत्ताचा तुकडा. गोलाच्या मध्यातून कापलं तर पृष्ठभागावर जे वर्तुळ उमटेल, त्याचा भाग.

टोकियो आणि न्यूयॉर्कचे अक्षांश जवळपास सारखेच आहेत. नकाशा म्हणेल, सरळ पूर्वेकडे पॅसिफिक ओलांडा. त्या वाटेने अंतर भरतं सुमारे १२,८०० किमी. दोरा मात्र अलास्काच्या अंगाने वर चढून कॅनडातून खाली उतरतो आणि भरतो सुमारे १०,८७५ किमी. म्हणजे ‘वाकडी’ दिसणारी वाट जवळजवळ दोन हजार किलोमीटरने जवळची. वाकडा नकाशा आहे, विमान नव्हे.

३. अंतर स्वतः काढायचं असेल तर सूत्र काय?

अक्षांश-रेखांश दशांश अंशांत हवेत. उत्तर आणि पूर्व धन धरा, दक्षिण आणि पश्चिम ऋण. मग दोन्ही अक्षांशांच्या साइनचा गुणाकार करा. त्यात दोन्ही अक्षांशांचे कोसाइन आणि रेखांशांतल्या फरकाचा कोसाइन, या तिघांचा गुणाकार मिळवा. आलेल्या संख्येचा व्यस्त कोसाइन काढलात की कोन मिळतो, अंशांत. एका अंशाला १११.१९५ किमी.

सिंगापूरचं चांगी (१.३६ उत्तर, १०३.९९ पूर्व) आणि जेएफके (४०.६४ उत्तर, ७३.७८ पश्चिम) घेऊ. रेखांशांतला फरक १७७.७७ अंश. पहिला गुणाकार ०.०१५५, दुसरा उणे ०.७५८०. बेरीज उणे ०.७४२६, तिचा कोन १३७.९५ अंश. गुणिले १११.१९५, म्हणजे सुमारे १५,३४० किमी. प्रश्न १ मधल्या आकड्यापेक्षा हा नऊ-दहा किलोमीटरने कमी भरला. का, ते पुढच्या उत्तरात.

एक सूचना. कॅल्क्युलेटर ‘रेडियन’वर असेल तर उत्तर भलतंच येतं. ‘तुमचं सूत्र चुकलंय’ असं कळवणाऱ्यांपैकी निम्म्यांचं दुखणं हेच असतं.

४. दोन वेबसाइटवर एकाच जोडीचं अंतर वेगळं का दिसतं?

तीन कारणं असू शकतात. पहिलं कारण पृथ्वीचा आकार. ती पूर्ण गोल नाही. विषुववृत्ताकडे तिची त्रिज्या ६,३७८ किमी आहे, ध्रुवाकडे ६,३५७. वरचं सूत्र सरसकट ६,३७१ धरतं. त्यामुळे उत्तर फार तर अर्ध्या टक्क्याने चुकू शकतं. चांगली संकेतस्थळं चपटी पृथ्वी धरून हिशोब करतात.

दुसरं कारण एकक. विमानवाहतूक सागरी मैलात चालते. एक सागरी मैल म्हणजे १.८५२ किमी, साधा मैल म्हणजे १.६०९ किमी. १५,३४९ किमी म्हणजे ९,५३७ साधे मैल किंवा ८,२८८ सागरी मैल. नुसतं ‘मैल’ लिहून मोकळे होणारे लोक इथे घोळ घालतात.

तिसरं म्हणजे काही ठिकाणी प्रत्यक्ष उडालेलं अंतर दिलेलं असतं. ते नेहमीच जास्त असतं आणि रोज बदलतं (प्रश्न १२ पाहा).

५. जगातले कुठलेही दोन विमानतळ जास्तीत जास्त किती लांब असू शकतात?

पृथ्वीचा घेर सुमारे ४०,००० किमी. म्हणजे कुठल्याही ठिकाणापासून सर्वांत लांबचं ठिकाण सुमारे २०,००० किमीवर, बरोबर पायाखाली, पृथ्वीच्या पलीकडच्या अंगाला. कुणी २३,००० किमी ‘अंतर’ सांगितलं, तर तो थांब्यांची बेरीज सांगतो आहे.

बहुतेक शहरांच्या पायाखाली समुद्रच येतो. स्पेन आणि न्यूझीलंड ही मात्र जवळपास समोरासमोरची जोडी आहे. माद्रिद ते वेलिंग्टन सुमारे १९,८५० किमी भरतं. इतक्या लांब एका दमात जाणारी प्रवासी सेवा नाही. सध्याच्या नियमित सेवांत सिंगापूर-न्यूयॉर्क सर्वांत लांबची. नियमित नसलेल्यांत एक गमतीचं उदाहरण आहे. मार्च २०२० मध्ये कोरोनामुळे अमेरिकेतला थांबा घेता येईना, तेव्हा ताहितीच्या पापीतेहून निघालेलं एअर ताहिती नुईचं विमान थेट पॅरिसला उतरलं. अंतर १५,७१५ किमी. विमानात माणसं कमी होती, म्हणून ते जमलं.

६. अंतर कळलं. आता तास किती, याचा झटपट अंदाज कसा बांधायचा?

किलोमीटरांना ८५० ने भागा आणि अर्धा तास मिळवा. लांब पल्ल्याला हा ठोकताळा बऱ्यापैकी बसतो. लंडन-न्यूयॉर्क ५,५४० किमी, उत्तर सात तास. सिंगापूर-न्यूयॉर्क १५,३४९ किमी, उत्तर साडेअठरा.

बोइंग ७८७ किंवा एअरबस ए३५० सारखं विमान उंचीवर ध्वनीच्या ०.८५ पट वेगाने, म्हणजे ताशी सुमारे ९०० किमीने जातं. मग ८५० का धरायचं? विमान चढताना आणि उतरताना हळू असतं आणि वाट थोडी वळणावळणाची असते, म्हणून. मिळवलेला अर्धा तास त्यातल्याच बाकी तुटीचा.

पण हा आकडा वारा नसताना आणि वाट मोकळी असताना. पूर्व-पश्चिम प्रवास असेल तर पुढचं उत्तर वाचल्याशिवाय त्यावर पैज लावू नका.

७. अंतर तेच, मग जाताना आठ तास आणि येताना साडेसहा का?

वाऱ्यामुळे. सर्वांत जास्त येणारा प्रश्न हाच आहे, त्यामुळे जरा सविस्तर सांगतो.

नऊ ते बारा किलोमीटर उंचीवर, म्हणजे नेमकी जिथे विमानं उडतात तिथे, दोन्ही गोलार्धांत पश्चिमेकडून पूर्वेकडे वाऱ्याच्या नद्या वाहतात. त्यांना जेट प्रवाह म्हणतात. उष्ण विषुववृत्ताकडची हवा आणि थंड ध्रुवाकडची हवा यांच्या तापमानातल्या तफावतीतून हे प्रवाह तयार होतात. पृथ्वीच्या फिरण्याने ते पूर्वेकडे वळतात. हिवाळ्यात तफावत वाढते आणि प्रवाहही जोर धरतो. ताशी दीड-दोनशे किमी हा सर्वसाधारण वेग. कधी तो तीनशेच्याही वर जातो.

विमानाचा वेग असतो हवेच्या तुलनेत. हवाच ताशी १०० किमीने पुढे चालली असेल तर ९०० चं विमान जमिनीवरून मोजलं तर १,००० ने जातं. उलट जाताना ८०० ने. ६,००० किमीला एकीकडे सहा तास, दुसरीकडे साडेसात. इथे एक सापळा आहे. जाऊन-येऊन सरासरी काढली तरी वारा नसताना लागला असता त्यापेक्षा वेळ जास्तच लागतो, कारण समोरच्या वाऱ्यात तुम्ही जास्त वेळ राहता. या उदाहरणात वाऱ्याशिवाय १३ तास २० मिनिटं, वाऱ्यासह साडेतेरा.

९ फेब्रुवारी २०२० च्या पहाटे सियारा वादळाच्या वाऱ्यावर स्वार होऊन ब्रिटिश एअरवेजचं ७४७ न्यूयॉर्कहून लंडनला ४ तास ५६ मिनिटांत पोहोचलं. अशा दिवशी उलट दिशेच्या प्रवाशांची काय गत होत असेल, तो आकडा बातमीत येत नाही.

दक्षिण गोलार्धातही हेच. सिडनी ते जोहान्सबर्ग सुमारे ११,००० किमी. पश्चिमेकडे जाताना चौदा तासांच्या आसपास, परत येताना बारा. उत्तर-दक्षिण प्रवासात मात्र वारा बाजूने लागतो आणि दोन्ही दिशांचे तास जवळपास सारखे येतात.

८. पृथ्वी पूर्वेकडे फिरते. मग पश्चिमेकडे जाणारं विमान लवकर पोहोचायला नको का?

नको. हवा पृथ्वीबरोबरच फिरते आणि विमान त्या हवेत असतं. चालत्या रेल्वेच्या डब्यात तुम्ही उडी मारलीत तर मागच्या बाकावर जाऊन पडत नाही. पृथ्वीच्या फिरण्याचा वेळेशी संबंध आहे तो आडवळणाने, वाऱ्याची दिशा ठरवण्यापुरता (प्रश्न ७), आणि तो पश्चिमेकडे जाणाऱ्याच्या विरोधातच जातो.

९. तिकिटावर १४ तास लिहिलंय, वैमानिक म्हणाला १२ तास ५५ मिनिटं. खरं कोण?

दोघंही. वैमानिक हवेतला वेळ सांगतो, चाकं जमिनीवरून उचलल्यापासून पुन्हा टेकेपर्यंतचा. तिकिटावरचा कालावधी मात्र विमान गेटवरून हललं तिथपासून दुसऱ्या गेटवर लागेपर्यंतचा असतो. मोठ्या विमानतळावर धावपट्टीपर्यंत रांगेत सरकायला वीस-तीस मिनिटं सहज जातात. उतरल्यावर गेटपर्यंत आणखी दहा-पंधरा.

शिवाय कंपन्या वेळापत्रकात थोडी शिलकी मिनिटं मुद्दाम टाकतात. चाळीस मिनिटं उशिरा सुटलेलं विमान ‘वेळेवर’ पोहोचतं ते बहुतेकदा याच शिलकीच्या जोरावर. वैमानिकाने वेग वाढवला म्हणून नव्हे. वेग वाढवायला वाव फार थोडा असतो आणि इंधन मात्र भराभर जातं.

१०. तिकिटावर फक्त निघायची आणि पोहोचायची वेळ आहे. प्रवासाचे तास कसे काढू?

तिकिटावरच्या दोन्ही वेळा स्थानिक असतात, निघायची निघालात तिथली आणि पोहोचायची पोहोचलात तिथली. सरळ वजाबाकी केली की फसगत. दोन्ही वेळा यूटीसीत, म्हणजे जगभर एकच धरल्या जाणाऱ्या प्रमाणवेळेत, आणा, मग वजा करा.

समजा, जानेवारीत लॉस एंजेलिसहून मंगळवारी रात्री १०:३० ला निघालात आणि सिडनीला गुरुवारी सकाळी ८:३० ला उतरलात. लॉस एंजेलिस तेव्हा यूटीसीच्या ८ तास मागे असतं, म्हणून ८ मिळवा: बुधवार सकाळ ६:३०. सिडनी ११ तास पुढे, म्हणून ११ वजा करा: बुधवार रात्र ९:३०. फरक १५ तास. घड्याळाने ३४ तास गेले असं वाटतं, पण खुर्चीत बसलात पंधराच.

सगळीच घड्याळं पूर्ण तासांची नसतात. नेपाळ यूटीसीच्या ५ तास ४५ मिनिटं पुढे आहे. हिशोब पाऊण तासाने चुकत असेल तर आधी तिथे बघा.

११. निघालो त्याच्या आधीच्या वेळेला पोहोचलो! हे कसं?

आंतरराष्ट्रीय वाररेषा ओलांडलीत म्हणून. शुक्रवारी रात्री ९ वाजता टोकियोहून निघून सात तासांनी होनोलुलूला उतरलात तर तिथे शुक्रवारचीच सकाळ असते, ९ वाजताची. टोकियो यूटीसीच्या ९ तास पुढे, होनोलुलू १० तास मागे. दोघांत १९ तासांची दरी, त्यातले सात तुम्ही प्रवासात घालवलेत, बारा पदरात पडले.

उलट दिशेने अख्खी तारीख गायब होते. प्रश्न १० मधल्या प्रवाशाचा वाढदिवस बुधवारी असेल तर तो विमानातच, तोही घड्याळ नेमकं कुठलं मानायचं हे न ठरता, उरकतो.

ही रेषा कायमची कोरलेली नाही. सामोआने २०११ च्या अखेरीस बाजू बदलली, तेव्हा तिथे ३० डिसेंबर उजाडलाच नाही. त्यामुळे खूप जुनी वेळापत्रकं त्या भागाचे तास काढायला वापरू नका.

१२. सर्वांत जवळची वाट माहीत असूनही विमान त्याच वाटेने का जात नाही?

कारण ती वाट कागदावर जवळची असते. हवेत तिच्यावर बरीच माणसं आणि बऱ्याच गोष्टी हक्क सांगतात.

सर्वांत मोठा अडथळा राजकीय. युरोपीय कंपन्यांना फेब्रुवारी २०२२ पासून रशियाचं आकाश बंद झालं. हेलसिंकी-टोकियो अंतर सुमारे ७,८०० किमी, त्याला पूर्वी साडेनऊ तास लागायचे. आता ध्रुवावरून किंवा दक्षिणेकडून वळसा घेऊन तेरा तासांच्या आसपास लागतात. दोन्ही विमानतळ आपल्या जागी आहेत, अंतर एका मीटरने वाढलेलं नाही. अंतराच्या तक्त्यावर विसंबून तास सांगणाऱ्याने ही एक जोडी डोळ्यांसमोर ठेवावी.

दुसरं कारण जमीन. तिबेटच्या पठारावरून वाटा कमी आहेत. केबिनमधला हवेचा दाब गेला तर विमानाला पटकन दहा हजार फुटांवर उतरावं लागतं. तिथे जमीनच त्याहून उंच. आणि प्रवाशांच्या मुखवट्यांतला ऑक्सिजन मोजक्या मिनिटांचा.

तिसरं कारण वाहतुकीची शिस्त. उत्तर अटलांटिकवर रोज वाऱ्याचा अंदाज बघून मार्गांचा संच आखतात. कॅनडाचं गॅंडर आणि पलीकडचं शॅनविक ही हवाई वाहतूक नियंत्रणाची केंद्रं तो जाहीर करतात. दिवसा पश्चिमेकडचा, रात्री पूर्वेकडचा. आजचे मार्ग उद्या शे-दोनशे किलोमीटर सरकलेले असतात.

शेवटी वारा. सिंगापूर-न्यूयॉर्कची सर्वांत जवळची वाट उत्तर ध्रुवाजवळून जाते. रेखांशांतला फरक १८० च्या इतका जवळ आहे म्हटल्यावर दुसरं काय होणार? पण विमान बऱ्याचदा पॅसिफिकवरून, हजारेक किलोमीटर जास्त उडून, शेपटामागचा वारा पकडत जातं. जास्त अंतर, कमी वेळ. ज्याला हे पटलं त्याला बाकी सगळं पटतं.

१३. दोन इंजिनांचं विमान भर समुद्रावरून जातं. ते किनाऱ्याकिनाऱ्याने जायला नको का? आणि दक्षिण ध्रुवावरून सेवा का नाहीत?

एकेकाळी तसंच जावं लागायचं. अमेरिकेच्या १९५३ च्या नियमाने दोन इंजिनांच्या विमानाला एका इंजिनावर ६० मिनिटांत पोहोचता येईल असा विमानतळ सतत जवळ ठेवणं भाग होतं. इंजिनं भरवशाची होत गेली तशी ही मर्यादा सैल झाली. १९८५ मध्ये १२० मिनिटं, मग १८०. आज ए३५० ला ३७० मिनिटांपर्यंत परवानगी आहे. चार इंजिनांची विमानं मागे पडली, त्याचं हे एक मोठं कारण.

तरीही अंटार्क्टिकाच्या मध्यावरून जाताना संकटकाळी उतरायला धड जागा नाही, आणि तिथे सोय करावी इतके प्रवासीही त्या जोड्यांत नाहीत. सान्तियागो-सिडनीसारख्या सेवा दक्षिणेकडे खोल झुकतात, ध्रुव ओलांडत नाहीत.

१४. ‘डायरेक्ट’ आणि ‘नॉनस्टॉप’ एकच ना?

नाही. नॉनस्टॉप म्हणजे मध्ये कुठेही न उतरता. डायरेक्ट म्हणजे फ्लाइटचा क्रमांक एकच, पण मध्ये थांबा असू शकतो, क्वचित विमानही बदलतं. अंतरावरून काढलेले तास आणि तिकिटावरचे तास यांत अडीच-तीन तासांची न उलगडणारी तफावत दिसली की आधी ‘थांबे’ हा रकाना उघडून बघा.

१५. कनेक्टिंग फ्लाइट असेल तर एकूण वेळ कसा धरायचा? थांबा कुठला घ्यावा?

दोन्ही टप्प्यांचे तास प्रश्न ६ प्रमाणे काढा आणि मधला थांबा मिळवा. थांब्याचं गाव वाटेवर आहे की वाट सोडून, ते मात्र तपासा. लंडन-सिडनी सरळ अंतर सुमारे १७,००० किमी. सिंगापूरमार्गे १०,८८५ अधिक ६,३००, म्हणजे जेमतेम दोनशे किमी जास्त. लॉस एंजेलिसमार्गे ८,७८० अधिक १२,०६०, म्हणजे जवळजवळ २१,०००. दुसऱ्या वाटेला साडेचार तासांची भर निव्वळ अंतराची, थांबा वेगळाच.

थांबा किती हवा? प्रत्येक विमानतळाने किमान जोडवेळ ठरवलेला असतो आणि एकाच तिकिटावर त्याहून कमी वेळाचं आरक्षण होत नाही. दोन वेगळी तिकिटं काढलीत की हे कवच गेलं. पहिल्या विमानाला उशीर झाला तर दुसऱ्या कंपनीला त्याचं सोयरसुतक नसतं. एका शहरात दोन विमानतळ असतील तर उतरण्याचा आणि चढण्याचा कोड एकच आहे ना, हेही बघा (प्रश्न १).

१६. मार्चमध्ये आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये माझा हिशोब बरोबर एक तासाने का चुकतो?

उन्हाळी वेळेमुळे. काही देश घड्याळं पुढे-मागे करतात, काही करत नाहीत, आणि करणारेही एकाच दिवशी करत नाहीत. अमेरिकेत मार्चच्या दुसऱ्या रविवारी घड्याळं पुढे जातात, युरोपात मार्चच्या शेवटच्या. त्यामुळे न्यूयॉर्क आणि लंडनमधला पाच तासांचा फरक मधल्या दोन-तीन आठवड्यांत चारच उरतो. शरद ऋतूत पुन्हा एक आठवडा तेच. दक्षिण गोलार्धात सगळं उलट: सिडनी एप्रिलमध्ये घड्याळ मागे घेते.

अशाच एका मार्चमध्ये मी एका मित्राला घ्यायला तासभर आधी जाऊन विमानतळाच्या थंडगार बाकड्यावर बसलो होतो. वर फलकाकडे बघून ‘विमान लेट झालं’ म्हणून चरफडत होतो. विमान वेळेवरच होतं, पाच तास धरून बसलेला मीच होतो. तेव्हापासून तारखेसकट यूटीसीतला फरक बघतो, पाठ केलेला वापरत नाही.

१७. विमान अकरा किलोमीटर उंच जातं. वरचं वर्तुळ मोठं, मग अंतर वाढत नाही का?

वाढतं, पण नगण्य. ६,३७१ वर ११ म्हणजे ०.१७ टक्के. दहा हजार किलोमीटरला सतरा किलोमीटर, जेमतेम एक मिनिट. उतरण्याआधी घातलेली एक घिरटी याहून महाग पडते.

१८. पन्नास-साठ वर्षांत सगळं बदललं, मग विमानं वेगवान का झाली नाहीत?

झाली होती. कॉन्कॉर्ड ध्वनीच्या दुप्पट वेगाने जायचं. ७ फेब्रुवारी १९९६ ला त्याने न्यूयॉर्क-लंडन २ तास ५२ मिनिटं ५९ सेकंदांत कापलं. पण इंधन बेसुमार, आवाज प्रचंड आणि पल्ला जेमतेम अटलांटिकपुरता. २००३ मध्ये ते थांबलं. ध्वनीच्या वेगाजवळ जाताच हवेचा विरोध एकदम वाढतो. म्हणून १९५८ मध्ये सेवेत आलेलं बोइंग ७०७ आणि आजचं नवंकोरं विमान यांच्या वेगात फारसा फरक नाही.

वाढला तो पल्ला. १९४७ मध्ये क्वांटासची सिडनी-लंडन सेवा सुरू झाली तेव्हा वाटेत डार्विन, सिंगापूर, कोलकाता, कराची, कैरो आणि त्रिपोली असे सहा थांबे होते. प्रवास चार दिवसांचा, त्यात हवेतले तास पंचावन्न. १९८९ मध्ये याच कंपनीने नवं ७४७-४०० घरी नेताना लंडनहून सिडनीपर्यंत न थांबता उडवलं, वीस तास नऊ मिनिटांत. त्यात तिकीट काढलेले प्रवासी नव्हते. नियमित प्रवाशांसाठी ऑस्ट्रेलिया आणि लंडन एका उड्डाणात जोडले गेले ते मार्च २०१८ मध्ये, पर्थहून: १४,४९९ किमी, सतरा तासांच्या आसपास.

१९. दोन ठिकाणं अगदी समोरासमोर असतील तर कुठल्या दिशेने जायचं?

भूमिती म्हणते, कुठल्याही. बरोबर पायाखालच्या बिंदूकडे जाणाऱ्या सगळ्या वाटा सारख्याच लांबीच्या असतात. माद्रिद-वेलिंग्टन हे अगदी नेमके समोरासमोर नाहीत, दीडशेक किलोमीटरची चूक आहे. तरीही आशियामार्गे किंवा अमेरिकेमार्गे गेलात तरी अंतर फारसं बदलत नाही. अशा जोडीला मी आधी वारा बघतो. दोन्ही गोलार्धांत पूर्वेकडे जाणाऱ्याला तो मदत करतो, म्हणजे माद्रिदहून जाताना आशियामार्गे आणि वेलिंग्टनहून परतताना अमेरिकेमार्गे. बसल्या बसल्या पृथ्वीप्रदक्षिणाही होते. मग मात्र तारखेसाठी प्रश्न ११ पुन्हा वाचा. त्या परतीच्या प्रवासात वाररेषा ओलांडताना एक दिवस परत मिळतो.